खंडेनवमीचा पीएच साडेसात

वकील मॅडम,

स. न. वि. वि.

नाव न घालण्याच्या अटीवर तुम्ही या पत्राला होकार दिलात, म्हणून नुसतंच मॅडम. आभार खरं तर ऑफिसात येऊन पेढे ठेवूनही मानता आले असते. पण आमच्या भोसरीच्या गल्लीत माझ्यासारखे प्लेटिंगवाले, म्हणजे धातूवर मुलामा चढवणारे, बरेच आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून हे उघड लिहितोय.

गेल्या वर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस हातात आली तेव्हा मला तिच्यात एकच आकडा दिसत होता: ३३ अ. जल कायदा १९७४ चा. त्याच्या या कलमाखाली मंडळ कारखाना बंद करायला सांगू शकतं, वीज-पाणी तोडायला लावू शकतं. खुलाशाला पंधरा दिवस. आमचं कन्सेंटचं, म्हणजे मंडळाच्या परवानगीचं, काम बघणारे गृहस्थ म्हणाले, "काळजी नको, मॅनेज करू." त्या शब्दाने संध्याकाळी धीर आला आणि रात्री झोप गेली.

तुमच्याकडे आलो तो खुलासा टाइप करूनच. पहिलंच वाक्य होतं, 'आमच्या कारखान्यातून प्रक्रिया न केलेले सांडपाणी बाहेर जात नाही.' तुम्ही त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलीत आणि विचारलंत, "हे तुम्ही पाहिलंय, की कुणी सांगितलंय?" मग ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, रजिस्टर मागितलंत. पानं उलटता उलटता एका जागी थांबलात. "खंडेनवमीला लाइन चालू होती?"

खंडेनवमीला आमच्याकडे प्लेटिंगला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरलाही हार असतो, लाइन कोण चालवणार! पण रजिस्टरमध्ये त्या दिवशीही पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेसात. लक्ष्मीपूजनालाही साडेसात. वर्षभर एकाच पेनाने, एकाच अक्षरात साडेसात.

मी जरा तोऱ्यातच म्हणालो, होऊ दे काय व्हायचं ते, आपण ट्रिब्युनलला जाऊ. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच, काउन्सिल हॉलसमोर आहे, एवढं मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "जाता येईल की. पण हे रजिस्टर घेऊन मी तिथे उभी राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडवर आलात. वकील शेडवर येतो हेच मला नवीन होतं. पाण्याची बिलं मागितलीत, ईटीपीत किती पाणी गेलं त्याची नोंद शेजारी ठेवलीत आणि वजाबाकी केलीत. जवळजवळ निम्म्या पाण्याचा पत्ताच नव्हता. तो तुम्ही शोधलात. पॅसिव्हेशननंतरच्या, म्हणजे मुलाम्यावर क्रोमियमचा संरक्षक थर दिल्यानंतरच्या, धुण्याच्या टाकीचा नळ पोरं दिवसभर सोडून ठेवायची, टाकी भरून वाहायची आणि ते पाणी मागच्या भिंतीतून थेट पावसाळी गटारात. तुम्ही चहाचा कागदी कप गटारात बुडवून वर धरलात. फिकट लिंबू सरबताचा रंग. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. नदी-नाल्यात सोडायला त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आणि आमचं पाणी डोळ्यांना पिवळं दिसत होतं.

एक घरचं सांगतो. आई एकादशीला आळंदीला जाते, इंद्रायणीवरचा फेस बघून येते आणि जेवताना कारखानदारांचा उद्धार करते. क्रोमियमने फेस येत नाही, एवढी केमिस्ट्री मला येते. पण आमचा नाला शेवटी इंद्रायणीलाच मिळतो, त्यामुळे इतकी वर्षं मी ती केमिस्ट्री गिळून पोळी खात आलोय.

तुम्ही त्या दिवशी वेल्लोरच्या टॅनऱ्यांचा, म्हणजे कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचा, सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल सांगितलात. प्रदूषण करणाऱ्याने नुकसानभरपाई तर द्यायचीच, शिवाय बिघडलेलं पर्यावरण पूर्ववत करायचा खर्चही त्याचाच. मी मनातल्या मनात नाल्याची लांबी मोजत होतो.

खुलासा शेवटी दोन पानांचा झाला. काय चुकलं, भिंतीतलं भोक कधी बुजवलं, बाकीचं किती दिवसांत होईल. इतकं खरं लिहून देताना माझा हात थरथरत होता, हे तुम्ही पाहिलंत. बंदचा आदेश निघाला नाही, बँक गॅरंटी मात्र द्यावी लागली. पॅसिव्हेशन मी अकरा दिवस स्वतःच बंद ठेवलं, दोन गिऱ्हाइकं गेली. त्यातलं एक परत आलं.

मागच्या बाजूला स्लजच्या, म्हणजे ईटीपीतल्या घातक गाळाच्या, गोण्या किती दिवसांच्या पडून होत्या ते इथे लिहीत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत साठवणीची सर्वसाधारण मुदत ९० दिवसांची आहे, एवढं वाचून ज्याने त्याने आपापल्या शेडमागे जाऊन यावं. आमच्या गोण्या आता मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीची नोंद, करून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही लाल पेनाने केलेले दोन गोल तसेच आहेत: घातक कचऱ्याच्या वार्षिक फॉर्म ४ साठी ३० जून, पर्यावरण विवरणपत्रासाठी ३० सप्टेंबर.

आणि ती मोठ्या कंपनीची प्रश्नावली! सेबीने मोठ्या लिस्टेड कंपन्यांना सस्टेनेबिलिटीचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून त्यांचे प्रश्न आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्यांपर्यंत झिरपत आलेत. पाणी किती, वीज किती, कचरा कुठे जातो. मला वाटलं आता वेगळा कन्सल्टंट नेमावा लागणार. तुम्ही म्हणालात, रजिस्टरं खरी असतील तर हा फॉर्म एका दुपारचा आहे. दोन दुपारी लागल्या. त्याच भरात मी लेटरहेडवर '१००% इकोफ्रेंडली प्लेटिंग' छापायला टाकलं होतं, तेही तुम्ही खोडलंत. पुराव्याशिवाय असे दावे करायचे नाहीत, अशी मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये आली आहेत म्हणे. मला तर तुमची पेन्सिल पुरेशी होती.

तुम्ही फी पूर्ण घेतलीत. तेही बरंच झालं, नाहीतर मी हा उपकार समजून विसरलो असतो.

ऑपरेटर पोरगा आता गटाराकडे नाही, ईटीपीकडे उभा असतो. मेटाबायसल्फाइट हे रसायन पडलं की पिवळं पाणी हिरवं होतं, मग चुना घातला की गाळ खाली बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हे हौसेने दाखवतो. यंदाच्या खंडेनवमीच्या रकान्यात त्याने न सांगता लिहिलंय, 'लाइन बंद. पूजा.' अक्षर वाईट आहे. फोटो पाठवतो.

आपला,
भोसरीचा एक प्लेटिंगवाला