खांद्याचे व्यायाम छापण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर खांदेदुखीसाठी घरी करायचे व्यायाम चित्रांसह छापून आले. भिंतीवर बोटांनी वर वर चढत जाणे, पाठीमागे टॉवेल धरून दुखरा हात वर ओढणे, दाराच्या चौकटीत हात टेकवून छाती ताणणे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे सगळे व्यायाम रोज शिकवते, त्यामुळे व्यायामांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चित्रांवरच्या 'खांदा दुखतोय? हे करा' या मथळ्याबद्दल. खांदा दुखतो म्हणून शेजारी शेजारी बसलेल्या दोन रुग्णांना मला कित्येकदा अगदी उलटा सल्ला द्यावा लागतो. एकाला सांगते, हात हलवत राहा, घाबरू नका. दुसऱ्याला सांगते, डॉक्टर म्हणेपर्यंत हा हात स्वतःहून वर उचलायचा नाही. आपल्या चित्रांपुढे हे दोघेही उभे राहणार आहेत.

आमच्याकडे बहुतेक जण निदान ठरवूनच येतात: "माझा फ्रोजन शोल्डर आहे." चाळिशी ओलांडली, हात वर जाईना, की सगळे हेच नाव घेतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचे दुखणे वेगळेच निघते. ते ओळखायला सुरुवातीला कुठलेही यंत्र लागत नाही. रुग्णाला बसवायचे, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात दुमडायला सांगायचे. हात सैल सोडला की मनगट धरून पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचा. निरोगी खांद्यात तो सहज जातो. फ्रोजन शोल्डरमध्ये थोडा जातो आणि अडतो. रुग्ण विरोध करत नसतो, स्नायू आवळलेले नसतात, तरी आतून कडी लावलेल्या दारासारखा तो हात पुढे सरकत नाही. सांध्याभोवतीचे आवरणच जाड होऊन आकसलेले असते. त्यामुळे रुग्णाने हलवला काय आणि मी हलवला काय, हात तेवढाच जातो.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटलेल्या माणसाचे उलटे असते. त्याला स्वतःहून हात वर नेता येत नाही. प्रयत्न केला की हाताऐवजी खांदाच कानाकडे उचलला जातो. पण मी हात धरून नेला, तर तो थेट डोक्यापर्यंत जातो. मग मी म्हणते, "आता मी सोडते, तुम्ही धरून ठेवा." हात थरथरतो आणि खाली येतो. सांधा मोकळाच असतो, हाडाला ओढणारी कंडरा तुटलेली असते. या माणसाला आखडलेपणाचे ताण देऊन काय साधणार?

खांद्याची रचना समजली की हा फरक लगेच लक्षात येतो. खुब्याप्रमाणे खांदाही उखळीचा सांधा आहे, पण खुब्याची खोबण खोल, तर खांद्याची अगदी उथळ. म्हणून तर हात सगळ्या दिशांना फिरतो. खोबणच उथळ असल्याने दंडाच्या हाडाचे गोल डोके जागेवर ठेवण्याचे काम भोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरांवर येते. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते आणि झिजते, सुजते, फाटते ती बहुधा तीच. हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि पुढे कमी होते, ती बरेचदा या कंडरेची तक्रार असते.

फ्रोजन शोल्डर मुख्यतः 40 ते 60 या वयात होतो, बायकांना जास्त होतो, आणि मधुमेह असेल तर शक्यता कितीतरी पटींनी वाढते. थायरॉइडचे विकार असलेल्यांनाही तो अधिक दिसतो. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर हात फार दिवस बांधून ठेवला तरी खांदा आखडतो. आधी दुखणे वाढत जाते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग दुखणे ओसरते पण हात आखडलेला राहतो. मग हळूहळू मोकळा होतो. हे सगळे व्हायला एक ते तीन वर्षे लागू शकतात. हे ऐकून रुग्णाचा चेहरा पडतो, पण लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात जोर लावून ताणले तर दुखणे चाळवते. तेव्हा वेदनाशामक गोळ्या, पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवणे, दुखेल तिथे थांबणे, आणि गरज पडली तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन. ते सुरुवातीच्या महिन्यांत दिले तर अधिक उपयोगी पडते. मधुमेह असलेल्यांनी पुढचे काही दिवस साखर तपासत राहावे, कारण ती वाढते. भिंतीचे आणि टॉवेलचे व्यायाम दुखणे उतरल्यावर.

एवढ्याने भागले नाही तर सांध्यात द्रव भरून आवरण फुगवणे, भूल देऊन हात फिरवणे किंवा दुर्बिणीने आवरण सोडवणे हे पर्याय आहेत. 2020 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या 503 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात भूल देऊन हात फिरवणे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि स्टेरॉइड इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची तुलना होती. वर्षाअखेर तिन्ही गटांतल्या रुग्णांना बराच आराम पडला आणि कोणताही एक उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेची घाई करणाऱ्या रुग्णांना मी हे आवर्जून सांगते.

कंडरेच्या बाबतीत मात्र घाई कुठे करायची आणि कुठे नाही, याचा लोकांचा हिशेब नेमका उलटा असतो. साठीच्या पुढच्या माणसाचा एमआरआय काढला, की रिपोर्टमध्ये 'टिअर' हा शब्द येतो आणि घरात घबराट पसरते. खरे तर या वयात खांदा जराही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही कंडरा फाटलेली दिसते. ते झिजेचेच लक्षण. अशा वेळी उरलेले स्नायू आणि खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे, आणि त्यासाठी तीन महिने नेटाने द्यायचे. कित्येकांना तेवढे पुरते. उलट पन्नाशीचा माणूस जिन्यावरून हातावर पडतो, एक्स-रेत हाड शाबूत दिसते, सगळे 'मुका मार आहे' म्हणतात, आणि हात उचलत नाही तरी महिनोन् महिने शेक आणि मालिश चालते. इथे घाई करायला हवी होती. एका झटक्यात तुटलेली कंडरा कालांतराने आत ओढली जाते, तिच्या स्नायूत चरबी भरत जाते आणि मग ती हाडाला शिवणे अवघड होते. पडल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत हात वर जायला लागला नाही, तर एक्स-रे चांगला आहे या समाधानावर राहू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कंडरा शिवल्यावर साधारण चार ते सहा आठवडे हात पाऊचमध्ये ठेवतात आणि या काळात रुग्णाने तो स्वतःच्या जोराने उचलायचा नसतो. मथळ्यावर मी सुरुवातीला हरकत घेतली ती याच रुग्णाच्या काळजीपोटी. त्याच्या हाती ते चित्र पडू नये.

फाटलेली नसून नुसती चिमटणारी कंडरा असेल, तर पूर्वी दुर्बिणीने वरचे हाड तासून जागा करून देत. 2018 साली 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या अभ्यासात काही रुग्णांचे हाड खरोखर तासले, काहींना फक्त दुर्बीण घालून पाहिले. दोन्ही गटांत जाणवण्याजोगा फरक दिसला नाही. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया सुचवताना डॉक्टरही हात आखडता घेतात, ते योग्यच झाले.

खांदा निखळला की जवळपास उभा असलेला कुणीतरी हात ओढून बसवायला पुढे सरसावतो, खेळाच्या मैदानावर तर हमखास. कृपया असे करू नये. सोबत हाड मोडलेले असू शकते आणि खांद्याच्या बाहेरच्या भागाला संवेदना देणारी नस ताणलेली असू शकते. हात आहे तसा आधार देऊन ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. तिथे बसवण्याआधी एक्स-रे काढतात, नंतरही काढतात. विशीच्या आतल्या मुलांमध्ये खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते, कारण खोबणीच्या काठाची पाळी सुटलेली असते. ती शिवायची की नाही, याची चर्चा त्यांच्याबाबतीत लवकर व्हावी. चाळिशीनंतर खांदा निखळला तर कंडराही फाटली आहे का, हे पाहावे लागते.

खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो. फीट किंवा विजेचा धक्का यानंतर तो मागे निखळू शकतो, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत ते सहज नजरेतून सुटते. हात आत वळलेला राहतो, बाहेर फिरतच नाही, आणि अशा रुग्णावरही फ्रोजन शोल्डरचा शिक्का बसू शकतो. म्हणून आखडलेल्या खांद्याच्या रुग्णाला 'फीट आली होती का' हे विचारावेच, आणि दुसऱ्या कोनातून एक्स-रे काढून घ्यावा. सांध्याची झीज असेल तर तीही एक्स-रेत दिसते.

हाडांबद्दल थोडक्यात. गळपट्टीचे हाड (कॉलरबोन) मोडले तर बहुतेकदा झोळीतच जुळते. वयस्कांचे दंडाचे हाड खांद्याजवळ मोडते तेव्हा प्लेट बसवण्याचा आग्रह घरचेच धरतात. पण 2015 साली ब्रिटनमधल्याच एका अभ्यासात सरकलेल्या अशा फ्रॅक्चरच्या बहुतेक प्रकारांत ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांच्या हाताच्या वापरात दोन वर्षांनीही विशेष फरक दिसला नाही. प्रत्येक फ्रॅक्चर वेगळे, निर्णय सर्जनचा. तरी 'ऑपरेशन नको' असे ते म्हणाले तर त्यांनी हयगय केली असे समजू नये.

काही दुखण्यांचा खांद्याशी संबंधच नसतो. मान हलवली की वाढणारी, कोपराखाली मुंग्या आणणारी कळ मानेतून येते. जिने चढताना डाव्या खांद्यात दुखते, घाम फुटतो, श्वास लागतो, तर ते हृदयाचे असू शकते. तेव्हा फिजिओथेरपिस्टची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यात जाणवते. ताप आणि लाल, गरम, सुजलेला सांधा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

आणखी एक गोष्ट, जी व्यायामांच्या पानांवर क्वचितच येते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला उठवताना घरचे लोक लुळ्या हाताला धरून ओढतात. त्या खांद्याला सावरणारे स्नायू काम करत नसल्याने सांधा आधीच खाली सरकलेला असतो, आणि प्रत्येक ओढीसरशी तो आणखी दुखावतो. उठवताना पाठीमागून, खांद्याच्या पात्याशी आणि कमरेशी आधार द्यावा. बसवल्यावर तो हात लोंबकळू न देता उशीवर ठेवावा.

आपले पान घराघरांत कापून ठेवले जाते, हे मी पाहते. रुग्ण ती कात्रणे घेऊन माझ्याकडे येतात. म्हणून विनंती एवढीच, की असे व्यायाम पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक चित्राखाली तो कोणत्या दुखण्यासाठी आणि कोणत्या टप्प्यावर करायचा, हे लिहावे. आणि पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत दोन ओळी द्याव्यात: पडल्यावर हात उचलता येत नसेल, खांदा निखळून गेला असेल किंवा ऑपरेशन झाले असेल, तर हे व्यायाम तपासणीआधी करू नयेत.

आपली विश्वासू,
एक वाचक, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट