कॅमेऱ्याच्या बॉडीआधी लेन्स आणि उजेड पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येऊ लागले आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा निघू लागल्या, की आमच्याकडच्या तालुक्याच्या बाजारपेठांत कॅमेऱ्यांचे फलक झळकू लागतात. दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड आणि मेमरी कार्ड एकाच खोक्यात, वर सोपे हप्ते, असे त्यांचे स्वरूप असते. लग्न, बारसे, तान्हा पोळा यांचे फोटो काढून घराला हातभार लावू पाहणारी खेड्यातील मुले हा संच घेतात आणि पहिल्याच हंगामात फोटो हललेले व काळपट आले म्हणून आणखी महाग बॉडीच्या, म्हणजे लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्याच्या, मागे लागतात. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणारा म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्याच्याकडे 50,000 रुपयांच्या आतलीच रक्कम आहे, त्याने नवी बॉडी घेऊच नये. जुनी, तपासून घेतलेली बॉडी घ्यावी आणि उरलेला पैसा लेन्स व फ्लॅशवर घालावा.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. संचाबरोबर येणारी 18-55 मिमीची किट लेन्स झूम करून 55 वर नेली, की तिचे छिद्र फार तर एफ 5.6 पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). 50 मिमीची एफ 1.8 ची लेन्स कॅनन आणि निकॉन या दोन्हींच्या यादीत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे, तरी ती त्याच जागी नऊ पटींहून अधिक उजेड आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि नवरदेवाचा हात हललेला येतो, तिथे ही लेन्स 1/125 वर काम करते. हा फरक ज्याला पटत नसेल त्याने पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामात वडसा परिसरातील एखाद्या गावी रात्रीच्या प्रयोगाला दोन्ही लेन्स घेऊन बसून पाहावे. तिथे फ्लॅश मारणे नटांनाही खपत नाही आणि प्रेक्षकांनाही. मात्र या लेन्सची एक अडचण आधीच सांगितली पाहिजे. लहान सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर ती 75 ते 80 मिमीसारखी वागते, त्यामुळे दोन खणांच्या घरात हळदीचा सगळा गोतावळा तिच्यात मावत नाही. त्यासाठी किट लेन्स जवळ ठेवावी, किंवा निकॉन असल्यास 35 मिमी एफ 1.8 चा विचार करावा.

मेगापिक्सेलच्या आकड्याला दुकानदार जेवढे महत्त्व देतात, तेवढे त्याला नाही. 24 मेगापिक्सेलचे चित्र 6000 गुणिले 4000 बिंदूंचे असते आणि 300 डीपीआयने (इंचाला 300 बिंदू) छापले तर 20 इंच गुणिले 13 इंच भरते. लग्नाच्या अल्बमचे 12 गुणिले 18 चे पान त्यात आरामात बसते.

जुना माल घेताना मात्र घाई चालत नाही. निकॉनच्या डी 3000 आणि डी 5000 मालिकांतील बॉडीत फोकसची मोटर नसते. तिच्यावर स्वस्तात मिळालेली जुनी एएफ-डी लेन्स (जिला फोकससाठी बॉडीतील मोटर लागते) बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो आणि मंगलाष्टकांच्या वेळी ते कोणाला जमणार? कॅननच्या 3000डी मध्ये लेन्स बसते ती कडीच प्लास्टिकची आहे. ज्याला दिवसातून अनेकदा लेन्स बदलायची आहे त्याने ती टाळावी, असे मला वाटते. शटर (फोटो घेताना उघडझाप करणारा पडदा) किती वेळा उडाले हा आकडा निकॉनच्या फोटोतच नोंदलेला असतो आणि संगणकावर वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फोटोवरून कळत नाही, तेव्हा विक्रेत्याच्या शब्दापेक्षा बटणे, पकड आणि फ्लॅश लावण्याची खाच किती झिजली आहे यावर विश्वास ठेवावा. प्राथमिक दर्जाच्या बॉडीचे शटर सर्वसाधारणपणे लाखभर फोटोंच्या अंदाजाने बनवलेले असते. एका लग्नात दोन हजार फोटो निघत असतील तर पन्नास लग्नांत ते आयुष्य सरते, हे लक्षात घेऊन भाव करावा.

लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून पाहावे. जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. एफ 16 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग उघडे पडतात. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दमट आणि एप्रिल-मे 45 अंशांपर्यंत तापणारे, त्यामुळे चामडी पिशवीत वर्षभर बंद पडलेला कॅमेरा कमी वापरलेला असला तरी चांगला असेलच असे नाही. घेतल्यावरही तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि उन्हात उभ्या गाडीत कधीही सोडू नये.

फ्लॅशच्या बाबतीत कंपनीचाच हवा हा आग्रह अनाठायी आहे. उजेडाची ताकद हातानेच ठरवावी लागते असा साधा फ्लॅश, तो दुरून उडवणारा रेडिओ ट्रिगर आणि एक पांढरी छत्री एवढ्यावर गावातील लग्न निभावते. छताकडे फ्लॅश वळवण्याची शहरी युक्ती मंडपात उपयोगी पडत नाही, कारण पिवळ्या-गुलाबी कापडाचा रंग उलटून थेट नवरीच्या चेहऱ्यावर येतो आणि टिनाच्या उंच शेडमध्ये तर उजेड परततच नाही. कॅमेरा घेताना दुसरी बॅटरी, दोन खात्रीची कार्डे आणि फ्लॅश यांची किंमत न धरणे म्हणजे बैलजोडी घेऊन जू आणि दोरासाठी शेजाऱ्याकडे जाणे होय.

ताडोबाच्या बफरमधील (जंगलाभोवतीच्या पट्ट्यातील) गावांत वाघाच्या फोटोसाठी 600 मिमीची लेन्स घ्यायची हौस हल्ली वाढली आहे. तिच्याविषयी एवढेच सांगतो, की 70-300 ची लेन्स लहान सेन्सरवर साधारण 450 मिमीचे काम देते आणि सुरुवातीला ती पुरे.

आता बिलाविषयी. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तरी ‘बिल नको असेल तर स्वस्त देतो’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते. बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडता येत नाही, आणि वस्तू चोरीची निघाली तर आपल्याकडे दाखवायला काही उरत नाही. बॉडीवरील अनुक्रमांक बिलावर लिहून घेतलाच पाहिजे. जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्री यांतील फरकावरच कर भरण्याची सोय आहे, म्हणून बिलामुळे भाव फार वाढतो हे त्याचे म्हणणे टिकत नाही. फसवणूक झाल्यास 1915 हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, नागपूरच्या दुकानासाठी नागपूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. ही गोष्ट गडचिरोली-यवतमाळच्या ग्राहकाला कोणी सांगत नाही.

या सगळ्यात कर्जाचा एक पेच आहे आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य निमित्त तोच आहे. प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते आणि छायाचित्रणाची सुरुवात त्यात नीट होऊ शकते. परंतु कर्जाच्या अर्जाला दुकानाचे कोटेशन जोडायचे म्हटले की ते नव्या संचाचे मिळते, आणि गरज नसलेल्या खोक्यापायी मुलगा हप्त्यांत अडकतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याने अनुक्रमांकासह दिलेले जुन्या बॉडीचे, तसेच लेन्स व फ्लॅशचे वेगवेगळे कोटेशन आमच्या भागातील बँक शाखांनी ग्राह्य धरावे, आणि लग्नसराईपूर्वी जिल्हा अग्रणी बँकांनी (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय करणाऱ्या बँकांनी) तसे शाखांना कळवावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक स्टुडिओचालक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा