पम्या, तरस परत आलंय

पम्या,

दिवाळीत तू दोनदा "मळ्यावर येतो" म्हणालास अन् आला नाहीस, नंतर मी पण फोन केला नाही, तुझ्या मेसेजला नुसता अंगठा टाकून मोकळा झालो, त्याचा राग धरला असशील तर धर पण हे शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं. पण फोनवर तू मधेच कोणाला तरी "एक मिनिट" म्हणतोस अन् माझं तोंड तिथंच बंद होतं. इथं सांगावं असं माणूस नाही. सुलूला अर्धं माहीत आहे, मायला काहीच नाही.

तब्येती ठीक. मायचा गुडघा थंडीनं धरलाय, माझी शुगर आहे तिथंच आहे.

पम्या, नाल्यात तरस आलंय.

तेच कसं असेल, तीस वर्षं झाली. पण जागा तीच, खालच्या कपारीची, अन् वेळ पण तीच, संक्रांतीच्या आगेमागे. स्क्रीनवर बघितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले अन् पहिलं नाव तुझंच तोंडात आलं.

सुरुवातीपासून सांगतो. नवरात्रात केळीचे कंद कोणी तरी उकरायला लागलं म्हणून मी दोन ट्रॅप कॅमेरे मागवले. डुकरं असणार हे माहीत होतं, डुकरंच निघाली. पण डुकरांच्या मागून त्या कार्डात जे काय निघालं ना भो, मी पहाटे तीनपर्यंत लॅपटॉपसमोरून उठलो नाही. बापूंनी तो नाल्याकाठचा दीड एकर कधी नांगरू दिला नाही, पळस, बोरी, हिवर सगळं माजलेलं, तुझे बाबा त्यांना म्हणायचे "शेत आहे का देवराई", तिथं रोज रात्री बाजार भरतो. साळिंदराची जोडी नऊच्या ठोक्याला, चालताना काट्यांचा खुळखुळ असा आवाज येतो की सुलू म्हणाली हे तर बांगड्या घालून निघाले. उदमांजर बोरीवरून उलटं उतरतं. एक रानमांजर आहे, ते उंदराच्या बिळासमोर बसलं की बसलं, वीस वीस सेकंदांच्या सोळा क्लिपा, प्रत्येकीत फक्त कान हलतात, शेवटच्या क्लिपेत जागा रिकामी. मी दोन दिवस विचार करत होतो, मिळाला असेल का उंदीर.

माय विचारते, "काय देखी ऱ्हायना रे भो त्या डबामा?" मी साळिंदर दाखवलं तर म्हणे हे तर मी लहानपणी रोज बघायची, याच्यात काय.

तुला मशिनीची हौस म्हणून सांगतो, हा कॅमेरा माणसासारखा बघत बसत नाही. त्याच्यात सेन्सर असतो, समोरून ऊब सरकली की तो जागा होतो अन् रेकॉर्डिंग चालू. म्हणून हिवाळ्यात मजा. रात्री आपल्याकडे पारा आठवर येतो, तेव्हा जनावराचं गरम अंग थंड हवेत त्याला लांबूनही कळतं, अन् मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस झालं की हवा, दगड अन् जनावर सगळं सारखंच गरम, मग तो निम्मा आंधळा. सुरुवातीला मी तोंड पूर्वेला करून बांधला होता, सकाळी ऊन आलं की तापलेल्या गवताच्याच क्लिपा, साडेचारशेतल्या चारशे. मग गवत कापलं, तोंड उत्तरेला केलं, गुडघ्याच्या उंचीवर पट्टा आवळला, तेव्हा कुठं जमलं. अंधारात त्याचा इन्फ्रारेड लाईट लागतो, एकाचा बारीक लाल दिसतो अन् जनावरं त्याच्याकडे वळून बघतात, दुसऱ्याचा अजिबात दिसत नाही. साधे सेल मात्र या थंडीत पहाटेच मान टाकतात.

अन् हो, सागावरच्या वाळक्या फांदीवर घुबडाची एक क्लिप आहे, दिवसाची, सकाळी दहाची. तू हसशील. तोरणमाळच्या ट्रिपला तू "हा रानपिंगळाच" म्हणून सगळ्यांना चहा पाजला अन् मी "साधा पिंगळा आहे बे" म्हणालो तर जीपमध्ये तीन तास तोंड फिरवून बसलास. आपण बारावीत असताना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो सापडला होता, १८८४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता, एकशे तेरा वर्षं मेलेला समजत होते, तेव्हापासून तुला प्रत्येक घुबडात तोच दिसतो. तर बाबा, माझ्या क्लिपेतल्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर आहेत. साधाच आहे. तोरणमाळचा पण साधाच होता, हे मी आजही म्हणतो.

आता ९ जानेवारी. रात्री १ वाजून ५२ मिनिटं. आधी नुसता रस्ता, मग डावीकडून ते आलं. पुढचे पाय उंच, मागचं अंग खाली गेलेलं, अंगावर पट्टे, मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ. चालण्याची घाई नाही. गवताच्या एका उंच काडीजवळ थांबलं, हुंगलं, मग काडीच्या वरून पुढे सरकून मागचं अंग तिच्यावर टेकवलं, शेपटी उंच. मी सकाळी जाऊन ती काडी बघितली, मातकट पिवळा चिकट ठिपका, ओल्या साबणासारखा, वास असा की हात दोनदा धुतला तरी जाईना. ते असंच आपलं नाव लिहून जातात. पुढच्या क्लिपेत ते कॅमेऱ्यालाच हुंगतंय, आधी ओलं काळं नाक, मग मिशीचे केस एकेक मोजता येतील इतके जवळ, मग काचेवर वाफ धरली अन् सगळं पांढरं. वाफ सावकाश विरली तेव्हा ते गेलेलं होतं. मी तेवढीच क्लिप किती वेळा बघितली ते विचारू नको.

प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात, डाव्या अंगाचे उजव्याला जुळत नाहीत, म्हणून मी फोटो काढून ठेवलेत. डाव्या खांद्यावर याच्या पट्ट्याला फाटा फुटलाय, इंग्रजी वाय सारखा. एकच आहे, तेच येतंय. कपारीजवळ पांढरीफटक लेंडी पण सापडली, हाडं चावून खातं ना, त्याचा चुना. मी मातीत पुरून टाकली.

का पुरली ते तुला सांगायला नको.

आता मुद्द्याचं. १७ तारखेच्या पहाटे नानाच्या वाड्यातली तीन करडं मेली. आपल्या नानाची, तुझ्या सख्ख्या भावाची. तुला फोन आलाच असेल. वहिनी सकाळी ओट्यावर बसून रडत होत्या, त्या तिन्ही करडांना त्यांनी बाटलीनं दूध पाजलेलं होतं, त्यांची आई बाळंतपणातच गेली होती. मी गेलो तेव्हा नाना चिखलातल्या पावलाभोवती विटा मांडत होता, कोणी तुडवू नये म्हणून. पाऊल तरसाचंच होतं, मी लगेच ओळखलं. तिसऱ्या करडाचा पत्ताच नव्हता.

घरी आलो अन् बांधावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं.

४ वाजून ८ मिनिटं, चार कुत्रे, वाड्याकडून बांध ओलांडून येताहेत. रात्रीची क्लिप काळी-पांढरी, रक्त काळंच दिसतं, तोंडं काळी. तिसऱ्याच्या तोंडात करडू. अन् सगळ्यात पुढं कोण तर नानाचा वाघ्या. गळ्यात तीच नायलॉनची दोरी, गाठ मारून टोक लोंबतंय, एक कान फाटका. पम्या, तू दिवाळीत ज्याला मांडीवर घेऊन फराळ भरवत होतास तो वाघ्या. करडू बांधाखाली टाकून निघून गेले. अन् ५ वाजून २६ मिनिटांनी तरस आलं, थांबलं, वाऱ्यात नाक धरलं, अन् पडलेलं करडू मानेला धरून उचलून नाल्यात उतरलं. म्हणजे पाऊल त्याचं, मारणारे दुसरेच. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे, सेल बदलले की तारीख उडते म्हणून मी दर वेळी मोबाईल समोर धरून लावतो.

हे मी कोणाला दाखवू सांग. नानाला दाखवलं तर पहिली गोष्ट, वाघ्या. नानाचा राग तुला माहीत आहे. दुसरी, वनखात्याची भरपाई तरसानं मारलं तर मिळते, कुत्र्यांनी मारलं तर नाही, अन् पंचनामा झालाय, कागद गेलेत. नानाचा यंदा केळीचा एक बाग थंडीच्या चरक्यानं बसलाय, रोज रात्री बांधावर ओला कचरा पेटवून धूर करतो तरी पानं पिवळी, त्याला त्या पैशाची खरंच गरज आहे, वहिनींच्या कानातलं पण गहाण आहे, हे तुला त्यानं सांगितलं नसेल. अन् तिसरी गोष्ट, क्लिप एकदा कोणाच्या मोबाईलमध्ये गेली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्याला कपार माहीत होईल.

अन् नाही दाखवलं तर? नाना परवा पाराजवळ चार जणांत म्हणाला, "मेलेल्या शेळीत औषध भरून नाल्यात टाकतो, विषय संपला." मी म्हणालो नाना, गुन्हा आहे, १९७२ चा कायदा आहे, आत जाशील. तर म्हणे कोण सांगणार आहे. त्यात रात्रीची लाईट, मोटार चालू करायला पोरं एकटी जातात, घाबरलेली आहेत, त्यांना पण तेच बरं वाटतंय. तरस सहसा माणसाच्या वाटेला जात नाही हे मी सांगून थकलो. औषध टाकलं तर तरस जाईल, रानमांजर जाईल, साळिंदर पण जाईल, ते हाडं कुरतडतं, अन् वाघ्या तर पहिला जाईल.

गार्ड साहेब पंचनाम्याला आले होते तेव्हा मला म्हणाले, तुमचा कॅमेरा आहे ना बांधावर, काही आलं का? मी म्हणालो सेल उतरले होते. तोंडावर खोटं बोललो. चांगला माणूस आहे, त्यानं मान हलवली अन् चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून झोप नाही.

अन् आता ते दुसरं, ज्याच्यासाठी खरं हे पत्र आहे. आठवीत, १९९४ ला, कपारीत पिल्लं आहेत हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. तास बुडवून बोरं खायला गेलो होतो, तू पालथा पडून आत बघितलंस अन् म्हणालास दोन आहेत, डोळे चमकतात. पाचव्या दिवशी लोकांनी मिरच्या अन् गवत टाकून धूर केला. तू मला म्हणालास तू सांगितलंस, मी म्हणालो तूच सांगितलंस, तुझ्या बाबांना. तुला इतकं पटवलं की तू शेवटी रडून म्हणालास की झोपेत बोललो असेन. ती तुझी झोपेत बोलायची गोष्ट पुढं कॉलेजपर्यंत सगळ्यांनी चघळली, मी पण हसलो.

मी सांगितलं होतं पम्या. सलूनमध्ये. मोठी पोरं बसली होती, त्यांच्यात भाव खायला. तू झोपेत कधीच काही बोलला नाहीस, मी तीन वर्षं तुझ्यासोबत होस्टेलला एका खोलीत झोपलोय, मला माहीत आहे. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, मग दरवर्षी अवघड होत गेलं. तू चिडशील ते मी ऐकून घेईन.

पण आधी नानाला फोन कर. तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. क्लिपचं नाव काढू नको. एवढंच सांग की औषधाचा विचार सोड, वाड्याला खालून जाळी मार अन् वाघ्याला रात्री बांधून ठेव. जाळी मी आणून देतो, माझ्याकडे केळीच्या कुंपणाची उरलीय. माझ्या दोन पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, त्याच्या वाड्यात बांधायला मी तयार आहे, सुलू पण हो म्हणालीय, फक्त त्या तुझ्याकडून आल्या असं म्हणावं लागेल, माझ्याकडून तो घेणार नाही. भरपाईच्या कागदाचं काय करायचं ते मला सुचत नाही. गार्ड साहेबांना एकट्याला नेऊन सगळं दाखवावं असं एकदा वाटतं, मग वाटतं नानाला आपण कागदावर खोटा पाडतोय. तूच सांग. तुझा भाऊ आहे.

चिनूची प्रिलिम झाली का? फ्लॅटचा ताबा मिळाला का तुला? वहिनींना नमस्कार सांग, त्यांना हवं होतं ते कळण्याचं पीठ दळून ठेवलंय.

शनिवार-रविवार काढून ये. बामणोदची वांगी सांगून ठेवतो, पऱ्हाट्यांवर भाजू, मागच्या वेळी तू सहा भाकरी खाल्ल्या अन् पाचच सांगितल्यास, ते मायला अजून आठवतं. कार्ड मी मसुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलंय, तू आल्याशिवाय काढणार नाही. काल रात्री पण ते येऊन गेलं, २ वाजून ४० मिनिटं, त्याच काडीपाशी थांबलं होतं. येताना पुण्याहून पेन्सिल सेलचे लिथियमवाले आठ नग आण, इथं मिळत नाहीत.

तुझा,
संज्या