‘चित्रात दाखवल्याप्रमाणे’ म्हणजे कसं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी उजाडला की बहुतेक दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांत वजनाच्या व्यायामाची पानं येतात. ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे उभे राहा, हात असे धरा, मग आकृती ३ प्रमाणे खाली जा.’ अंध वाचकाचा मोबाइल हे त्याला मोठ्याने वाचून दाखवतो आणि ‘असे’पाशी गाडी अडते. मग तो जिममध्ये जातो, वेगळे पैसे मोजून पर्सनल ट्रेनर लावतो, आणि तिथेही पहिलं वाक्य कानावर पडतं, “सर, असं करा.” आम्ही अंध आणि अल्पदृष्टी माणसांना वजनाचा व्यायाम शिकवतो. यात डोळ्यांपेक्षा भाषाच जास्त आडवी येते, असं आमचं मत आहे.

ट्रेनरच्याही आधी आडवे येतात जिमचे मालक. “काही झालं तर जबाबदारी कोणाची? घरचं कोणी सोबत आणा.” जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अपंग प्रौढांनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाजवी सोय’ हा शब्द व्याख्येसकट आहे. ते राहू दे. दादरला शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात अंध मुली मल्लखांब शिकल्या. त्याच महाराष्ट्रात खुर्चीवर बसून लॅट पुलडाउनचा दांडा वरून खाली ओढायला घरचं माणूस कशाला लागतं?

फी भरण्याआधी एक चक्कर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मारावी. “दृष्टी गेलीच आहे, आता डोळ्याला काय होणार?” हा समज चुकीचा आहे. श्वास रोखून जोर लावला की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू, मधुमेहाने पडद्यावर आलेल्या नाजूक रक्तवाहिन्या, पूर्वी सुटलेला पडदा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांत तो महागात पडू शकतो; आणि उजेड-अंधार एवढंच कळत असलं तरी तेवढंही मोलाचं असतं. “व्यायाम करू का?” असं विचारलं की डॉक्टर “करा, हलका करा” म्हणतात. त्याचा काही उपयोग होत नाही. नेमकं विचारावं: श्वास रोखून जोर लावलेला चालेल का? डोकं कमरेच्या खाली गेलेलं चालेल का? किती आठवडे थांबू? मधुमेहाने दृष्टी गेलेल्यांच्या तळपायांची संवेदनाही पुष्कळदा कमी झालेली असते. अशा माणसाला “भार टाचेवर आहे की चवड्यावर?” हे विचारून उत्तर मिळत नाही, आणि अनवाणी व्यायाम तर त्याने करूच नये.

पहिल्या दिवशी वजन उचलायचं नाही, जिम पाठ करायची. ट्रेनरने दंडाला धरून ढकलत नेऊ नये. आपलं कोपर पुढे करावं, शिकणाऱ्याने ते मागून धरावं आणि ट्रेनरने अर्धं पाऊल पुढे चालावं. दारापासून उजव्या हाताची भिंत, मग आरसा, फरशी संपून रबरी मॅट सुरू होते ती कड, एसीचा झोत, पाण्याच्या मशीनची घरघर, या सगळ्या खुणा. दुसऱ्या फेरीत शिकणाऱ्याने ट्रेनरला जिम दाखवायची. या फेरीत एक जागा हाताने चाचपून घ्यावीच, ती म्हणजे स्क्वॉट रॅकची, म्हणजे रॉड टेकवून ठेवायच्या उभ्या चौकटीची बाजू. मोठा रॉड २ मीटर २० सेंटिमीटर लांब असतो. रॅकमध्ये ठेवला की दोन्ही अंगांना हात-हातभर बाहेर येतो, तोही छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर. पांढरी काठी त्याच्या खालून आरामात निघून जाते आणि कपाळ रॉडवर आपटतं. केबल मशीनच्या लोंबत्या मुठींचंही तेच. रॅकजवळून जाताना एक हात तोंडासमोर आडवा धरायची सवय पहिल्याच दिवशी लावावी. अल्पदृष्टी असलेल्यांचा घोटाळा निराळा: काळ्या मॅटवर पडलेली काळी प्लेट (वजनाची चकती) त्यांना दिसत नाही, आणि आरशातून परतणारी ट्यूबची तिरीप असलेलं दिसणंही बिघडवते. प्लेटा ज्याच्या त्याने जागेवर ठेवल्या आणि रॅकच्या पायांना पिवळी टेप लावली, तर मोठा प्रश्न सुटतो. टेपचा खर्च किरकोळ आहे. प्लेटा जागेवर ठेवायला लावणं किती अवघड, हे जिममध्ये जाणाऱ्या कोणालाही विचारा.

आणि ते गाणं! अंध माणसाला खोलीचा आकार, शेजारी कोणी डंबेल फिरवतंय का, ट्रेनर कुठे उभा आहे, हे सगळं कानांनी कळतं. ढणढण स्पीकर लावला की हे सगळं एका झटक्यात बंद. निदान तेवढा तास आवाज बोलण्याच्या खाली ठेवावा. ट्रेनरांना सांगण्यासारखी आणखी एक गंमत: तुमचं तोंड मोबाइलकडे वळलं की आवाजाची दिशा बदलते आणि ते समोरच्याला बरोबर कळतं. बाजूला जायचं असेल तर सांगून जा, आलात की सांगा. रिकाम्या हवेशी बोलायला लावण्याइतकं लाजवणारं दुसरं काही नाही.

आता भाषा. ‘असं’, ‘इकडे’, ‘थोडं वर’ हे शब्द त्या तासापुरते बंद. “डावं कोपर दोन बोटं आत”, “हनुवटी गळ्याकडे”, “उजवं पाऊल घड्याळात एकवर” (नाकासमोर बारा धरून) अशी वाक्यं लागतात, आणि एका रेपला, म्हणजे व्यायामाच्या एका आवर्तनाला, एकच सूचना. हात लावण्याआधी दर वेळी विचारावं, कुठे लावणार तेही सांगावं. स्त्रियांच्या बाबतीत तर यात तडजोड नाहीच. पुष्कळदा उलटा मार्ग सोपा पडतो. ट्रेनरने स्वतः रोइंग (वजन अंगाकडे ओढायचा व्यायाम) करावं आणि शिकणाऱ्याने त्याच्या खांदाफळ्यांवर तळहात ठेवावेत. फळ्या आधी जवळ येतात आणि मग कोपरं मागे जातात, हा क्रम दहा मिनिटांच्या व्याख्यानाने कळत नाही तो तीन रेपमध्ये कळतो. कमरेतून वाकणं शिकवायला काठी उत्तम. ती पाठीला उभी लावायची. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. पाठीला बाक आला की एक जागा सुटते आणि ते स्वतःलाच कळतं. आरसा यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

बरेच ट्रेनर अंध माणसाला मशीनवर बसवून मोकळे होतात. त्यांना वाटतं, रॉड धोक्याचा. आंतरराष्ट्रीय अंध क्रीडा महासंघाच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये अंध खेळाडू स्क्वॉट (रॉड खांद्यांवर घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन रॉड वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलणं) असे तिन्ही प्रकार रॉडवरच करतात. सुरुवात केबल आणि डंबेलने करावी हे खरं, पण रॉड कायमचा वर्ज्य करायला कारण नाही.

बेंच प्रेसचंच पाहू. डोळस माणूस ‘रॉड डोळ्यांवर आला पाहिजे’ असं बघून सरकतो. अंध माणसाने आडवं होऊन रॉडवरून एक हात सरळ खाली सोडावा. तळहात भुवयांवर टेकला की जागा बरोबर. तो डोक्यावरच्या केसांकडे पडला तर पाठ डोक्याकडे सरकवायची. नाहीतर रॉड काढताना तो फार मागून ओढून आणावा लागतो आणि खांद्यावर ताण येतो. मग पकड. मोठ्या रॉडवर खरखरीत भागात गुळगुळीत रिंगा कोरलेल्या असतात. पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर दोन रिंगांत ८१ सेंटिमीटर अंतर असतं. दोन्ही करंगळ्या रिंगांवर ठेवल्या की पकड आपोआप सारखी. रिंगा झिजलेल्या असतील तर मधल्या भागापासून दोन्हीकडे वीत मोजावी. पकड एका बाजूला बोटभर जास्त गेली तरी रॉड तिरपा उठतो, आणि ट्रेनर “उजवा हात कमजोर आहे” असं निदान करून बसतो.

खरी चूक होते ती रॉड परत ठेवताना. दमलेला माणूस कोपरं वाकवत रॉड मागे नेतो. एक टोक हुकात पडतं, दुसरं बाहेर राहतं. कोपरं ताठ ठेवून रॉड उभ्या खांबांना टेकेपर्यंत मागे न्यायचा, ठक-ठक असे दोन आवाज ऐकायचे, मगच खाली सोडायचा. एकच ठक आला तर थांबायचं. खालचे सुरक्षा दांडे छाती फुगवल्यावर तिच्यापेक्षा दोन बोटं खाली, पण गळ्यापेक्षा वर बसतील असे लावून घ्यावेत, आणि ते आधी रिकाम्या रॉडवर तपासावेत. दोन्ही बाजूंच्या प्लेटा शिकणाऱ्याने स्वतः हाताने मोजल्याशिवाय सेट (सलग रेपची एक फेरी) सुरू करू नये. रॉड उतरवतानाही आळीपाळीने एकेक प्लेट काढायची. एक बाजू पूर्ण मोकळी केली आणि दुसरीकडे भार राहिला तर रॉड उसळतो.

वजन ओळखायची सोय स्वस्तात होते. लोखंडी प्लेटांवर आकडे उठावदार असतात, ते बोटाने वाचता येतात. पिन खोचून वजन ठरवायच्या मशीनवर दर पाचव्या पट्टीला एम-सीलचा ठिपका लावला की वरून मोजत बसावं लागत नाही. छोट्या रॉडचं वजन ट्रेनरने तोंडी सांगितलेलं धरू नये. वजनकाट्यावर एकदा तोलून टोकाला ब्रेलची चिकटपट्टी लावावी. डंबेलची रांग मात्र ब्रेल लावूनही फसवते, कारण साडेसातच्या जागी कोणीतरी दहाचं ठेवून जातं. खुणा ठेवण्याच्या जागेवर न करता डंबेलवरच कराव्यात. सपाट टचस्क्रीनची ट्रेडमिल यात बसतच नाही. बटणांची असेल तीच घ्यावी आणि कपड्याला अडकवायची लाल दोरी अडकवल्याशिवाय तिच्यावर चढू नये.

बाकी आखणीत खास वेगळं काही नाही: आठवड्यातून २ दिवस, ५-६ व्यायाम, प्रत्येकी २ सेट, ८ ते १२ रेप, थांबताना आणखी दोन-तीन रेप निघतील इतकी ताकद शिल्लक. १२ सहज झाले की रॉडच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलो वाढवा. एका पायावरचे व्यायाम मागाहून, कारण तोल सांभाळण्यात डोळ्यांचा मोठा वाटा असतो. सुरुवातीला बोटांची टोकं भिंतीला टेकलेली असू द्यावीत. तक्ता कागदाचा फोटो काढून पाठवू नये, बहुतेक वेळा मोबाइल तो धड वाचू शकत नाही. व्हॉट्सॲपवर साधा टाइप केलेला मजकूर पाठवावा.

आता आपल्याला विनंती. पुरवणीत व्यायाम छापताना तो चित्र झाकून एकदा वाचून पाहावा. नमुन्यादाखल हातात डंबेल धरून मारायच्या बैठकीचं वर्णन देतो:

‘एक डंबेल उभं धरा. त्याच्या वरच्या टोकाखाली दोन्ही तळहात ओंजळीसारखे, कोपरं खाली, डंबेल छातीच्या हाडाला टेकलेलं. मागे भक्कम, न सरकणारा, गुडघ्याच्या उंचीचा स्टूल. पोटऱ्या आणि स्टूल यांत चार बोटं अंतर. पावलं खांद्यांइतकी फाकवलेली, डावं घड्याळात अकरावर, उजवं एकवर. श्वास घ्या. कमरेतून मागे जात, गुडघे पावलांच्या दिशेनेच वाकवत स्टूलला स्पर्श होईपर्यंत खाली या. टेकलं की अंग सैल सोडू नका. टाचा जमिनीत दाबून, श्वास सोडत उठा. डंबेल छातीपासून सुटलं तर पाठ पुढे झुकली आहे असं समजा.’

शेजारी चित्र छापायला आमची काही हरकत नाही.

आपले,
अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना व्यायाम शिकवणारे काही प्रशिक्षक, पुणे