बुजरेपणा म्हणून सोडून देऊ नका

संपादक महोदय,

उत्तर येत असूनही मुलगा वर्गात उभा राहत नाही, एस.टी.त तिकीट मागायलाही घाबरतो, आणि सहा महिने हेच चालते. हा सामाजिक चिंतेचा आजार असू शकतो.

पहिला उपचार गोळी नव्हे, सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती. साधारण 12 ते 16 बैठका. त्यात भीतीला 0 ते 10 गुण देऊन शिडी करतात: किराणा दुकानात भाव विचारणे 3, वर्गात शंका विचारणे 6, 26 जानेवारीचे भाषण 10. खालच्या पायरीवर रोज, भीती ओसरेपर्यंत थांबायचे. मध्येच निसटला तर भीती उलट पक्की होते. आईवडील त्याच्या वतीने बोलतात, तिथेच बरेचदा गाडी अडते. एकदम स्टेजवर ढकलणेही तितकेच वाईट.

एवढ्याने भागले नाही तर मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिनसारखे औषध देतात. गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी वाढते का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे घरच्यांनी थेट विचारावे. आपल्याकडे कपाशीच्या फवारणीचे औषध घरातच असते. ते कुलपात ठेवा. गोळ्या मनाने बंद करू नका.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. गाडीभाड्याची अडचण असेल तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीतून, मोफत बोलता येते.

— शालेय समुपदेशक, जि. यवतमाळ