संतू, घड्याळाचं मनावर घेऊ नको

संतू,

पोचलास म्हणून प्रियाचा मेसेज आला. तुझा नाही आला, असूदे. राग आहे ते कळतंय मला. स्टँडवर बॅग उचललास आणि खिडकीतनं वळून पण बघितलं नाहीस, येताना रिक्षात आई एक अक्षर बोलली नाही आणि घरात पाय ठेवल्यावर म्हणते, तुम्ही दोघंबी एकाच मातीची. आज दुपारपासनं पाऊस पडालाय, लाईट गेलीय, शिवारात पाणी किती साचलंय ते बघायला जायचं सोडून मोबाईलवर टाईप करत बसलोय. फोन केला तर परत तेच भांडण होणार, म्हणून लिहालोय. सावकाश वाच. ऑफिसात वाचू नको.

पहिलं त्या ठोके मोजायच्या घड्याळाचं. ते मी काढून कपाटात ठेवलो ते तुझा अपमान करायला नाही. एवढे पैसे घालून आणलास, सुळग्याच्या आत्याला मी हात पुढं करून दाखवलंय, पोरानं आणलंय म्हणून. पण ते हातात असलं की काय व्हायचं ते तुला माहीत नाही. बाजूला बोट लावायचं, तीस सेकंद हात हलवायचा नाही, श्वास धरून बसायचं आणि ते काय निकाल देतंय ते बघायचं. नॉर्मल आलं की परत एकदा, कारण पहिल्या निकालावर विश्वास कोण ठेवणार. गडबड दाखवली की मग झालंच, छातीत धडधड सुरू, आणि ती दुखण्याची का भीतीची ते ब्रह्मदेवाला पण कळायचं नाही. वर तुझा फोन, बाबा १२८ का दाखवालंय? अरे मी पत्रा बघायला गच्चीवर चढलो होतो! तू चढलास तर तुझा पण तेवढा होईल, जास्तच होईल. तुझं बीपी परत बघितलास काय? बरं राहूदे, ते नंतर.

तू आलास तेव्हा मी वॉर्डात बसून इडली खात होतो, ती रात्र तू बघितलेली नाहीस. जेवून पडलो होतो आणि एकदम छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. कळ नाही, दुखणं नाही, नुसतं काळीज वाट्टेल तसं पळालंय. आईनं हात लावून बघितलं आणि हात पटकन मागं घेतला, ते माझ्या अजून डोळ्यापुढं आहे. शेजारच्या नानांनी गाडी काढली. कॅज्युअल्टीत नर्स कन्नडमधनं विचारते, एदी नोव ऐतेन्री? म्हणजे छातीत दुखतंय काय. मी म्हटलं नोव इल्ला री, दुखत नाही, धडधड, आणि हातानं उडवून दाखवलो. ती हसली. मला पण थोडं हसू आलं, तेवढ्यात. मग छातीला चिकटपट्ट्या लावून कागद काढला आणि डॉक्टरांनी त्यावर पेन ठेवून दाखवलं, हे बघा काका, ही उंच टोकं, यांच्यामधलं अंतर सारखं पाहिजे, तुमचं एक जवळ एक लांब, हिशोबच नाही. आणि टोकाच्या आधी एक छोटा उंचवटा पाहिजे, तो गायब. नाडी १५० च्या वर होती. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात याला, म्हणाले.

मी सगळं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काढलेला माणूस. बेल्ट घसरायला लागला की मोटर फिरत असते, पण जॉब कधी फिरतो कधी अडकतो, आणि ते बघावं लागत नाही, पाठ करून उभं असलं तरी आवाजावरनं कळतं. मला ते तसंच कळलं. काळजाचे वरचे दोन कप्पे आकसायचे सोडून नुसते थरथरतात, विजेचा इशारा एका जागेवरनं यायचा तो चारी बाजूनं येतो, खालच्या कप्प्यांना त्यातला जेवढा मिळेल तेवढ्यावर ते धावतात. डॉक्टरांनी एवढं सांगितल्यावर मी निम्मा बरा झालो. खरंच. काय बिघडलंय ते कळलं की मला झोप येते, हे तुझ्या आईला विचार.

भीती त्या धडधडीची नाही, गुठळीची. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथं रक्त रेंगाळतं, गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. हे दुखणं असलेल्याला तो धोका साधारण पाच पट. म्हणून ती रक्त पातळ करायची गोळी, सकाळी आठला आणि रात्री आठला. ठोका चुकला म्हणून लगेच काही होत नाही काका, गोळी चुकवू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय. तुझ्या आईनं त्या डब्यावर सोम-मंगळ लिहिलंय, खिडकीत ठेवलाय, आठ वाजले की कुकरच्या शिट्टीच्या वर तिचा आवाज येतो. गुडघ्याची ती दुकानातली दुखायची गोळी पण बंद केलीय, त्या दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो म्हणाले. तू पण पाठीसाठी ती घेतोस, मी बघितलंय तुझ्या बॅगेत. त्यानं बीपी वाढतं. कुणाला विचारून घेतोस?

लकव्याचं मला कुणी समजावून सांगायला नको. आज्जीचं तुला थोडं आठवत असेल, तू दुसरी-तिसरीत होतास. ती घागर घेऊन येताना मधेच कट्ट्यावर बसायची, छातीवर हात ठेवून, आणि विचारलं की म्हणायची काही नाही रे, जरा दम. कुणी नाडी बघितली नाही तिची, एक कागद काढला नाही. एका सकाळी चुलीपुढं बसलेली, हातातनं कप पडला, आणि ती त्या कपाकडं बघालीय, हात हलेना, तोंड एका बाजूला. लोक म्हणाले वारं गेलं. कुणी पारव्याचं रक्त लावा म्हणालं, कुणी त्या तेलवाल्याचा पत्ता दिला, आम्ही गाडी बघेपर्यंत दुपार झाली. आता म्हणतात साडेचार तासाच्या आत पोचलं तर गुठळी विरघळायचं इंजेक्शन देता येतं. तेव्हा ते आमच्यापर्यंत आलेलंच नव्हतं. शेवटपर्यंत तिला तुझं नाव घेता आलं नाही, शाळेतनं आलास की नुसती हां हां करायची आणि डावा हात पुढं करायची. तुझ्या खिशात ती करदंटाचा तुकडा घालायची ते आठवतंय काय? गोकाकची ती मिठाई, मामा आणायचा.

आता मूळ मुद्दा लिहितो, उगाच फिरालोय कधीपासनं.

तू होतास त्या रात्री मला झोप नव्हती. हे दुखणं आल्यापासनं असंच. डाव्या कुशीवर झालो की उशीतनं कानात ठोके येतात. मग मी मोजायला लागतो, मोजायला लागलो की वाढतात, वाढले की आता आज्जीसारखं होणार असं वाटतं, मग हाताची बोटं हलवून बघतो, तोंड वाकडं झालंय काय ते अंधारात चाचपून बघतो, हसू नको. तुझं नाव मनात म्हणून बघतो, जीभ नीट वळते काय म्हणून. तुझी आई झोपल्याचं सोंग करते. असाच मोजत होतो आणि हॉलमधनं तुझं घोरणं ऐकू येत होतं. मोठं घोरणं, आपल्या घरात सगळ्यांचंच आहे. आणि ते थांबलं. मी वाट बघितली. काही नाही. नुसता पंख्याचा आवाज. मी उठून बसलो, आणि मग एकदम तू बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास घेतलास आणि परत घोरायला लागलास. दोन मिनिटांनी परत तेच. मी दारात येऊन उभा राहिलो, किती वेळ उभा होतो मला माहीत नाही, आणि एवढ्या वेळात मी माझे ठोके एकदा पण मोजले नाहीत.

फॉलोअपला डॉक्टरांना विचारलो. म्हणाले झोपेत श्वास अडकणाऱ्याला बीपी वाढतं आणि हे ठोक्याचं दुखणं पण लागायची शक्यता जास्त. घरात कुणाला आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तू सकाळी माझ्या मशीनवर हात घातलास तर १५२-९८, आणि तू म्हणालास मशीन खराब आहे. त्याच मशीनवर माझं १२६-८० आलं तेव्हा मशीन चांगलं होतं काय?

तू अडतीस वर्षाचा आहेस. अडतीस म्हणजे काही नाही. या गावात राजहंसगड पळत चढणारं पोरगं होतास, सगळ्यांच्या आधी वर आणि तिथनं खाली टॉवेल फिरवायचास. यात्रेच्या कुस्तीत नारळ घेऊन आलास तेव्हा मी वर्कशॉपमधल्या सगळ्यांना पेढे वाटले होते, मालकानं पण घेतले. आता दोन जिने चढून थांबतोस, मोबाईल बघालोय असं दाखवतोस. मला कळतं रे. आज्जी पण असंच काहीतरी दाखवायची. रात्री एकपर्यंत लॅपटॉप, शनिवारी ते मित्रांबरोबर बसणं, रविवारी दुपारपर्यंत अंथरुणात. ते बसणं तर बंदच कर, दारूनं धडधड सुटून पोरं दवाखान्यात येतात, सणासुदीनंतर जास्त, हे पण डॉक्टरांनीच सांगितलंय. पोट बघ तुझं. ओवीला उचलून घेतलंस तर तिचे पाय पुढं येत नाहीत, पोटावरच बसते.

जास्त झालं. माफ कर. तू काय लहान नाहीस, घर चालवतोस, पुण्यात फ्लॅट घेतलास, मराठी शाळेतनं जाऊन एवढं केलंस, मी कधी तोंडावर म्हणत नाही. त्या मोटारीच्या वेळी मी जे बोललो ते पण मनात ठेवू नको.

माझं म्हणशील तर मी ठीक आहे. म्हणजे आहे ते आहे. ठोके कधी सरळ असतात कधी वाकडे, दुसऱ्या गोळीनं वेग ताब्यात आहे. सकाळी उठल्यावर मनगटाला दोन बोटं लावून पूर्ण एक मिनिट मोजतो, अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर वाकड्या ठोक्यात हिशोब चुकतो, आणि कॅलेंडरवर लिहितो. एकदाच. परत मोजायचं नाही हे मी आणि तुझ्या आईनं ठरवलंय. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, चक्कर येऊन पडलो, छातीत दुखलं, बसल्या जागी दम लागला, तर थेट गाडी. नानांचा नंबर आईच्या मोबाईलमध्ये पहिला आहे. बाकी वेळी धडधडलं तर मी खुर्चीत बसतो, पाणी पितो, बाहेर कुत्रं भुंकालंय ते ऐकतो. कधी पाच मिनिटात जाते, कधी संध्याकाळपर्यंत राहते. भीती गेलेली नाही. गणपतीत डीजे गल्लीत आला तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, आवाज छातीत लागतो म्हणून, आणि सगळ्यांना सांगितलो डोकं दुखालंय. गडावर पण गेलो नाही अजून. डॉक्टर म्हणतात चाला, मी शाळेपर्यंत जाऊन परत येतो.

ॲब्लेशनचं तू स्टँडवर जे ओरडलास, की मी पैशासाठी नको म्हणालोय, तसं नाही. मांडीतल्या शिरेतनं तार काळजापर्यंत नेऊन फुप्फुसाकडनं येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी डाग देतात, बऱ्याच जणांना चांगला गुण येतो, काहींना परत करावं लागतं. इको म्हणजे काळजाची सोनोग्राफी चांगली आहे, थायरॉईड चांगलं आहे, आधी गोळ्यांवर बघू म्हणाले. पुण्याला येऊन दुसरं मत घ्यायला माझी ना नाही. किणयेच्या भाऊजींनी तर वेगळंच काढलंय, २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली ना, त्यातनं बघा म्हणून कागद गोळा करालेत. करूदेत, त्यांना मोर्चाची सवय आहे, एका कागदानं थकणार नाहीत.

मी पुण्याला येईन, पण एक अट आहे. तू आधी तुझी टेस्ट करून घ्यायची. ईसीजी, बीपी, आणि ती झोपेची टेस्ट, रात्रभर वायरी लावून झोपवतात ती. घोरणं म्हणून हसण्यावारी नेऊ नको. निघालंच काही तर नाकाला लावायचं मशीन मिळतं, त्यानं माणूस नीट झोपतो म्हणे. तू तुझ्या मोबाईलवर माझे ठोके बघायचास ना दिवसभर, त्यातली एक रात्र स्वतःला दे. बस.

घड्याळ मी तुलाच परत पाठवालोय, भाऊजींचा मुलगा गुरुवारी पुण्याला जालाय त्याच्याकडं, मसूर आणि नवीन तांदळाची पिशवी पण आहे. रात्री ते घालून झोप, त्यात श्वासाचं पण काहीतरी दिसतं म्हणे. पण त्यावर भागवू नको, खरी टेस्ट करायचीच.

प्रियाला मी आधीच फोन केलोय. ती म्हणाली तिनं पण रात्री ऐकलंय, बोलायला भीत होती, तू चिडतोस म्हणून. शनिवारची अपॉइंटमेंट तिनं घेतलीय. तिच्यावर ओरडू नको, ओरडायचं तर मला फोन कर. आठच्या आधी कर, किंवा गोळी झाल्यावर.

बाबा

आईला मी दारात उभा राहिलेलं सांगू नको, तिला वाटतंय मी झोपलो होतो.