शाब्दिक उदाहरण आणि कबड्डीचं मैदान

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "लेकीला समीकरण दिलं की चटकन सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की वही कोरीच." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. माझ्या पुतण्याचंही गेल्या वर्षी हेच चाललं होतं. तोही सेमी-इंग्रजीचाच.

उदाहरण होतं, आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ५ मीटरने कमी आहे. रुंदी क्ष धरून त्याने लांबी लिहिली ५ − २क्ष. मला वाटलं, घाई केली. मग पुस्तकातलं इंग्रजी वाक्य पाहिलं. त्यात '५ ने कमी' आधी येतं, 'रुंदीची दुप्पट' नंतर. पोराने आलं तसं उतरवलं होतं! तेच त्याला मराठीत म्हणायला लावलं. रुंदीच्या, क्ष. दुपटीपेक्षा, २क्ष. ५ ने कमी, २क्ष − ५. आपल्या भाषेत वाक्य चालतं तसंच समीकरण चालतं रे! लेकीला आधी हे करायला सांग.

मग मी दुसरं घातलं: लांबी दुपटीपेक्षा ७ मीटरने कमी, परिमिती ४६ मीटर. लांबी बरोबर लिहिली, पण पुढे क्ष + २क्ष − ७ = ४६. सूत्र पाठ असूनही! संध्याकाळी त्याला कबड्डीच्या मैदानावर नेलं. नुकतीच फक्की मारलेली होती. म्हटलं, या कोपऱ्यातून निघ, रेषेवरून चालत परत इथेच ये. एक लांबी, एक रुंदी चालून तो समोरच्या कोपऱ्यात थांबला. "काका, अजून निम्मं राहिलंय." तिथेच बसून त्याने लिहिलं: २(क्ष + २क्ष − ७) = ४६. दोन्ही बाजूंना २ ने भागलं, ३क्ष − ७ = २३. रुंदी १०, लांबी १३. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान तेवढंच असतं हे सांगितल्यावर तो उठून पुन्हा एक फेरी मारून आला.

लेकीला क्षची धास्ती वाटत असेल, तर सांग की भास्कराचार्य अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, जेवढी असेल तेवढी. आणि 'क्ष = रुंदी, मीटरमध्ये' हे वहीत सगळ्यात आधी लिहायला लाव.

रविवारी तिला घेऊन ये. व्हॉलीबॉलचं मैदान तिच्यासाठी ठेवलंय: लांबी रुंदीच्या दुप्पट, परिमिती ५४ मीटर. उत्तर तू सांगू नकोस.

तुझाच,
मित्र